डिसेंबरचा उतारा

डिसेंबर लागला की मी ऑफिसात सगळ्यांना नकोशी होते. अमेरिकेत, हर्नडनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांचे विमे, रजा, आजारपणाचे पैसे असलं सगळं मी बघते, आणि डिसेंबरमधलं माझं मुख्य काम म्हणजे लोकांच्या मागे लागणं. इथे पगारातून थोडे पैसे टॅक्स न लागता एका वेगळ्या खात्यात बाजूला काढता येतात. ते डॉक्टर, दात, चष्मा, औषधं यांवरच खर्च करायचे आणि वर्ष संपायच्या आत करायचे. एकतीस डिसेंबरनंतर उरलेले बुडाले. इतकं साधं आहे. पण दुधाच्या कॅनसाठी कुपन जपून ठेवणारी आमची हुशार माणसं हे पैसे खुशाल बुडू देतात. मी नोव्हेंबरपासून कानीकपाळी ओरडते, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

मग शेवटच्या आठवड्यात धांदल उडते. कुणी बीपीचं मशीन मागवतं, कुणी उन्हासाठीचं क्रीम भर बर्फात घेऊन ठेवतं, कुणी एकदम तीन चष्मे करतं. एकजण दरवर्षी पुण्यातल्या आईसाठी गुडघ्याचे पट्टे घेतो आणि घेऊन झाल्यावर मला विचारतो, "चालेल ना यार?" नाही चालत, मी सांगते, आणि तो हसत निघून जातो.

मला सांगायचाय तो डिसेंबर काही वर्षांपूर्वीचा. आमच्या टेस्टिंग टीममध्ये साताऱ्याची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे माझ्याहून बरीच लहान एवढंच. तिला स्वतःला आठ वर्षांची लेक होती. नवरा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला नोकरीला, महिन्यातून एकदा विमानानं यायचा. मी मनातल्या मनात तिला सातारची म्हणायचे, इथेही तेच म्हणते. कामात चोख, बोलायला गोड. पण या खात्याच्या बाबतीत ती माझ्या डोक्यात जायची. दरवर्षी जास्तीत जास्त भरता येईल तेवढी रक्कम भरायची आणि त्यातला एक डॉलरही खर्च करायची नाही. कुणाचे किती उरले एवढंच मला दिसतं, कशावर खर्चले ते दिसत नाही. तिचे सगळेच्या सगळे उरलेले असायचे. माझ्या मेलला उत्तर नाही. कॅन्टीनमध्ये गाठलं तर "हो ताई, बघते" म्हणून डबा उचलून निघायची. एकदा तिच्या शेजारी उभी असताना माझाच मेल तिच्या स्क्रीनवर आला, तर तिनं मान दुसरीकडे वळवली आणि न बघताच तो घालवला. मला भयंकर राग आला होता.

नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात ऑफिस ओस पडतं. आमच्याकडे हालचाल नसली की दिवे आपोआप विझतात. आपण वाचत बसलेलो असतो, डोक्यावरचा दिवा जातो. हात हलवला की येतो. साडेचारलाच बाहेर अंधारून येतं, आणि त्या लांबलचक मजल्यावर कधी कधी पार दुसऱ्या टोकाचा दिवा उगाच लागतो. तिथे कुणी नसतं. हीटरच्या वाऱ्यानं काहीतरी हलतं, असं बिल्डिंगवाले म्हणतात. मला त्याची सवय आहे.

त्या दिवशी एका मीटिंग रूममध्ये अंधार होता आणि काचेतून आत कुणीतरी बसलेलं दिसत होतं. मी दार उघडलं, दिवा लागला. सातारचीची लेक. शाळेला सुट्टी, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून आईनं तिला आणलेलं असायचं. ती त्या अंधारात चित्र काढत बसली होती. इतकी निश्चल, की दिवा विझला तरी तिनं हात हलवला नव्हता. मी तिच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "काय काढतेस गं?"

ती दचकली. सगळी मान वळवून तिनं मला शोधलं. "ओह, मावशी! आय डिडन्ट नो यू वेअर देअर."

मी तिच्या खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ होते. कागदाकडे पाहिलं, तर घर, झाड, कुत्रा, सगळं उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं काढलेलं. डावा अर्धा कागद कोरा.

"इकडे काहीच नाही काढायचं?"

"दॅट साइड इज ऑफ," ती म्हणाली. मला कळलं नाही हे बघून तिनं वर दिव्याकडे बोट दाखवलं. "लाइक दीज. इट्स जस्ट ऑफ."

"केव्हापासून?"

तिनं खांदे उडवले. मग रंगाचा खडू निवडता निवडता म्हणाली, "समटाइम्स समवन इज देअर, दो."

"कोण?"

"आय डोन्ट नो. ही गोज व्हेन आय लुक."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पोर अगदी सहज बोलत होती. आईकडे जायला उठली तेव्हा तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. तिनं नुसता चोळला आणि गेली. सवय झाल्यासारखी.

मी तडक सातारचीकडे गेले. म्हटलं, हिचे डोळे तपास, आजच्या आज तपास, वर्षभराचे पैसे पडलेत तुझ्या खात्यात, तीन दिवसांनी बुडणार आहेत. ती ऐकत होती तोवर ठीक होतं. पण लेक काय म्हणाली ते मी सांगितलं, त्याबरोबर तिचा चेहरा पांढरा पडला.

"कुणीतरी असतं म्हणाली? तुम्हाला म्हणाली?"

"हो. म्हणून तर म्हणतेय, डोळ्यांचं काहीतरी आहे."

"डोळ्यांचं नाही ते ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि त्या पैशांना हात लावायचा नाही. प्लीज. ते तिच्यावरनं उतरवलेत."

मला आधी अर्थच लागेना. मग तिनं सांगितलं. लेक चार वर्षांची असताना तिला दोनदा फिट आली होती. डॉक्टर म्हणाले, तापानं येते लहान मुलांना, जाईल. त्याच सुमारास गावाकडून आलेल्या एका नातेवाईक मावशींनी हिला सांगितलं, पोरीवरून उतारा टाक. दहीभात, लिंबू, कुंकू पोरीवरून ओवाळायचं आणि तिठ्यावर ठेवून मागे वळून न बघता यायचं. जे काही पोरीच्या मागे लागलंय ते तिथे खात बसतं, घरी येत नाही. हर्नडनमध्ये तिठा कुठला? हिनं अपार्टमेंटजवळच्या चार स्टॉप साइनच्या चौकात डब्यात घालून ठेवलं. सकाळी डबा लख्ख चाटून ठेवलेला. रॅकून, नाहीतर हरीण. पण त्यानंतर फिट आली नाही. पुढच्या वेळी कॉम्प्लेक्सच्या ऑफिसातून ताकीद आली, बाहेर अन्न ठेवू नका, जनावरं येतात.

"मग काय करायचं? मग मला तुमचं हे खातं दिसलं," ती म्हणाली. "आजाराच्याच नावानं बाजूला काढलेले पैसे. आपल्याच हातानं ठेवायचे, हात लावायचा नाही, बघायचं पण नाही. आणि डेट आली की आपोआप जातात. त्या खात्याचं कार्ड येतं ना, ते मी तिच्यावरनं ओवाळते ताई, ती झोपलेली असताना, आणि ड्रॉवरमध्ये टाकते. चार वर्षं झाली. एकदाही फिट नाही आली."

म्हणून ती माझे मेल उघडत नव्हती. उताऱ्याकडे वळून बघायचं नसतं.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. आम्ही नागपूरचे, बौद्ध. देवदेवस्की, अंगारे-धुपारे यांना आमच्या दारात थारा नव्हता. वस्तीच्या कोपऱ्यावर कुणी उतारा ठेवला की बाबा आम्हा भावंडांना घेऊन मुद्दाम तिथे जायचे, त्यातला नारळ उचलायचे, दगडावर फोडायचे आणि आम्हाला खायला लावायचे. शेजारच्या बायका दारं लावून घ्यायच्या. पहिल्या वेळी भीतीनं माझ्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा बाबा म्हणाले होते, "चाव. बघू काय होते ते." काही झालं नाही. त्यामुळे असलं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशीही गेली. मी आवाज चढवला. म्हटलं, इंजिनिअर आहेस ना तू? पोर आंधळी होत चाललीय आणि तू कार्ड ओवाळतेस?

ती रडली नाही, चिडलीही नाही. "तुम्हाला नाही कळणार," एवढंच म्हणाली.

तेव्हा मी जे बोलले ते तिला वठणीवर आणायलाच बोलले. "आणि ते पैसे जातात म्हणजे कुठे जातात, माहितीये का तुला? हवेत नाही जात. कंपनीकडे येतात. आणि आपली कंपनी ते पुढच्या वर्षी सगळ्यांच्या खात्यात सारखे वाटून टाकते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तू कधी वाचलंस?"

तिचे डोळे मोठे झाले. "वाटतात? म्हणजे... लोक वापरतात ते?"

"वापरतात म्हणजे काय! हा चष्मा बघ, त्यातूनच आलाय."

मी चष्मा काढून तिच्यासमोर धरला. ती खुर्ची मागे ढकलून उठली. मग एकेकाची आठवण काढायला लागली. रिसेप्शनवरची पोरगी, तिचं बाळ वेळेआधी झालं. पलीकडच्या टीममधले ते काका, धडधाकट माणूस, अचानक अर्धं अंग गेलं. पेरोलमधल्या बाईचा भाऊ. ती हलक्या आवाजात सांगत होती आणि मला आठवत होतं, की हे सगळं खरंच त्याच चार वर्षांत झालं होतं. ऑफिसमध्ये शेकडो माणसं आहेत, दरवर्षी कुणी ना कुणी आजारी पडणारच. हे मला माहीत होतं. तरीही मी तो चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवायला जरा वेळ घेतला. मजल्यावरचे दिवे एकेक करून विझत गेले आणि आम्ही दोघी एका दिव्याखाली उरलो.

"मला वाटायचं ते नाहीसे होतात," ती म्हणाली. "आई शपथ ताई, मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात कोण टाकेल हो असलं?"

"कुणाच्या ताटात काही पडलेलं नाही. तू फक्त तिचे डोळे तपास."

तिनं कॉम्प्युटर बंद केला. शेवटी म्हणाली, "मग मलाच खर्च करावे लागणार. दुसऱ्याकडे जायला नकोत. उद्या याल माझ्यासोबत?" माझं म्हणणं तिनं मानलं होतं, पण माझ्या कारणासाठी नाही. मला तेव्हा त्याची फिकीर नव्हती. पोरीचे डोळे बघितले जाणार होते, बस्स.

दुसऱ्या दिवशी मीच गाडी काढली. किराणा दुकान आणि पिझ्झावाला यांच्या मध्ये चष्म्याचं दुकान होतं, आत डोळ्यांची डॉक्टर. लेक उंच खुर्चीत बसून पाय हलवत होती. आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिनं भराभर वाचली, पण प्रत्येक ओळ मधूनच सुरू केली. डावीकडची अक्षरं तिच्यासाठी तिथे नव्हतीच. मग डॉक्टरनं तिची हनुवटी मशीनवर टेकवून डोळ्यांच्या आतले फोटो काढले. खोलीत अंधार केला आणि ते पडद्यावर आले. दोन मोठी, शिरा उमटलेली नागपुरी संत्री. मला छान वाटलं बघायला. मग बघितलं तर डॉक्टरचं बोलणं बंद झालं होतं. आत्तापर्यंत ती लेकीशी कुत्र्याबद्दल गप्पा मारत होती. आता ती पडद्याच्या अगदी जवळ गेली, एका डोळ्याच्या मधला फिकट गोल बघितला, मग दुसऱ्या डोळ्यातला. त्या गोलांच्या कडा पुसल्यासारख्या दिसत होत्या.

"इज ही इन द पिक्चर?" लेकीनं विचारलं.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. ती बाहेर जाऊन फोन करून आली आणि म्हणाली, चष्म्याचं नंतर बघू, तुम्ही इथून सरळ हॉस्पिटलला जा, मी त्यांना कळवलंय, घरी थांबू नका.

गाडीत मागच्या सीटवर लेक गाणं गुणगुणत होती. सातारची माझ्या शेजारी. ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "बघितलंत ना ताई? काल रात्री मी ठरवलं पैसे वापरायचे. आज हे."

मी ब्रेकवर पाय दिला नाही हे नशीब. "अगं बाई, आज तपासलं म्हणून आज कळलं!"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. माझ्यावर ओरडली असती तर मी भांडले असते. ती ओरडत नव्हती. तिनं मागे हात नेऊन लेकीचा पाय धरून ठेवला होता आणि हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

मेंदूच्या उजव्या मागच्या भागात गाठ निघाली. नवरा रात्रीच्या विमानानं आला, आणि दोन दिवसांत ऑपरेशन झालं. मी त्यांच्याबरोबर बसून होते, कारण सातारचीनं जाऊ दिलं नाही. मी तिच्या दृष्टीनं काय होते कोण जाणे. ती माझा हात धरून बसायची आणि माझ्याकडे बघायची मात्र नाही. मला देव नाही, मी कशाला हात जोडणार? पण त्या खुर्चीत बसून मी पोटातून म्हणत होते, पोर वाचू दे, बाकी सगळं चुलीत जाऊ दे.

पोर वाचली. सर्जन बाहेर आला, शांत माणूस होता, म्हणाला, चांगलं झालं. गाठ वाईट जातीची नाही. सगळी निघाली. डाव्या बाजूची नजर बहुधा परत येणार नाही, पण उरलेली वाचली. काही महिने उशीर झाला असता तर तीही गेली असती. नवरा भिंतीला टेकून रडायला लागला. मी सातारचीकडे वळले. मला वाटलं, आता हिला पटेल. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा थोडं जिंकल्यासारखंही वाटलं.

तिनं सर्जनला विचारलं, "हे कधी सुरू झालं?"

तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही, पण ही जात फार सावकाश वाढते. कित्येक वर्षं असणार. लहानपणच्या त्या फिटसुद्धा याच्याच असाव्यात.

"बट आफ्टर दॅट देअर वॉज नथिंग," ती म्हणाली. "फोर इयर्स, नथिंग."

"इट वॉज क्वाएट," तो म्हणाला. समजूत घालायच्या सुरात म्हणाला, खांद्यावर हात ठेवून. "बट इट वॉज ग्रोइंग."

ते वाक्य ऐकून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं, हुशार बाई आहे, कळलं तिला. मी तिला जवळ घेतलं आणि तिनंही घेऊ दिलं.

लेक वसंतात शाळेत जायला लागली. मान थोडी वळवून चालायची, पण चालायची झकास. सातारची घरून काम करू लागली, त्यामुळे भेटी कमी झाल्या. मग नोव्हेंबर आला, पुढच्या वर्षाची नोंदणी सुरू झाली, आणि मी यादी तपासत असताना तिच्या नावापुढे शून्य दिसलं. मला वाटलं, गडबडीत चुकली. येत्या वर्षी तर तिला पैसे लागणार होते. दर काही महिन्यांनी स्कॅन, गोळ्या, खास काचांचा चष्मा. खातं असतं तर टॅक्स वाचला असता. मी लगेच फोन लावला.

"चूक नाही झाली ताई," ती म्हणाली. "मीच शून्य टाकलं."

"अगं पण का? आता तर खरंच गरज आहे."

"पगारातून भरीन. टॅक्स लागू दे."

"कारण तरी सांगशील?"

मागे लेकीचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी बोलत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा बोलत होती. नवरा बॉथेलला होता.

"कुणी आलंय का घरी?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून दिसतो तिला. डॉक्टर म्हणतात, नजर गेली त्या बाजूला मेंदू आपणच चित्रं भरतो, काळजी करू नका." मग तिनं आवाज खाली आणला. "ते शांत होतं म्हणाले ना डॉक्टर? शांत होतं आणि वाढत होतं. मला वाटायचं मी त्याला घालवतेय. ताई, मी चार वर्षं त्याला जेवायला वाढत होते. दरवर्षी, भरपूर. खाऊन गप्प बसलं, आणि वाढलं. आता एक पैसा बाजूला ठेवणार नाही मी आजाराच्या नावानं. त्याला उपाशी ठेवणार आहे मी."

समजवायला माझ्याकडे सगळं होतं. गाठ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, डॉक्टरचं बोलणंही मीच ऐकलं होतं. फोनवर ती पोर कुणालातरी काहीतरी सांगत होती आणि उत्तराची वाट बघत होती. मला भीती वाटली. मी म्हटलं, "बरं," आणि शून्य तसंच राहू दिलं.